कर्णबधिर आणि दिव्यांगांसाठी फोन सेवा : पैसे कोण देतं, काय मिळतं, काय मिळत नाही

पुणे आणि आसपासच्या कर्णबधिर तरुणांकडून, त्यांच्या आईवडिलांकडून, कानाने कमी झालेल्या आजीआजोबांच्या घरच्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेक गोंधळ एकाच कारणाने होतो : अमेरिकेतल्या सेवेचा व्हिडिओ पाहून लोक विचारतात, "आपल्याकडचा नंबर कोणता?" म्हणून कोणती गोष्ट कोणत्या देशाची, हे प्रत्येक उत्तरात स्पष्ट लिहिलं आहे. घाईत असाल तर आधी प्रश्न ४ आणि ७ वाचा.

१. रिले सेवा म्हणजे नक्की काय? फोनवर ती चालते कशी?

ज्याला ऐकू येत नाही आणि ज्याला ऐकू येतं, अशा दोघांच्या फोनमध्ये एक प्रशिक्षित माणूस बसतो आणि दोन्ही बाजूंचं बोलणं पोचवतो. ही झाली रिले.

जुना प्रकार मजकुराचा. रॉबर्ट वाइटब्रेख्ट या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये टेलिटाइप यंत्र साध्या फोनलाइनला जोडायची युक्ती काढली. त्यावर कर्णबधिर माणूस टाइप करतो, रिले ऑपरेटर ते मोठ्याने वाचतो. समोरचा जे बोलतो ते ऑपरेटर टाइप करतो. एका वेळी एकालाच लिहिता येतं, म्हणून आपलं म्हणणं संपलं की 'जीए' लिहायचं, म्हणजे आता तुमची पाळी. फोन ठेवायचा असेल तर 'एसके'. पलीकडचा माणूस नवखा असेल तर ऑपरेटर त्याला सुरुवातीलाच ही पद्धत समजावून सांगतो.

व्हिडिओ रिलेमध्ये ऑपरेटरच्या जागी सांकेतिक भाषेचा दुभाषा असतो. पडद्यावर त्याला कर्णबधिर माणसाचे हात आणि चेहरा दिसतो, हेडफोनमध्ये पलीकडचा आवाज येतो. तो "ही बाई म्हणते आहे की मला ताप आहे" असं सांगत नाही, सरळ "मला ताप आहे" म्हणतो. रागही रागाच्याच सुरात पोचवतो. पलीकडे रेकॉर्ड केलेला आवाज "मराठीसाठी एक दाबा" म्हणत असेल, तर तेही हातांनी सांगतो.

२. या सेवेसाठी कर्णबधिर ग्राहकाला जादा पैसे पडतात का?

जिथे ही सेवा कायद्याने आहे तिथे नाही. साध्या कॉलला जो दर, तोच. मधल्या माणसाचा पगार ग्राहकाच्या बिलात येत नाही.

३. मग दुभाष्याचा पगार देतं कोण? सरकार?

इथे देशागणिक फरक आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

अमेरिकेत १९९० च्या दिव्यांग हक्क कायद्याने फोन कंपन्यांवर रिले देण्याचं बंधन घातलं आणि २६ जुलै १९९३ पर्यंत देशभर सेवा सुरू करायला लावली. खर्चासाठी एक निधी आहे. फोन कंपन्या आपल्या महसुलाच्या प्रमाणात त्यात पैसे भरतात आणि साहजिकच ते सगळ्या ग्राहकांकडून वसूल होतात. रिले पुरवणाऱ्या संस्थांना या निधीतून मिनिटाच्या दराने पैसे मिळतात, आणि तो दर संघीय दूरसंचार आयोग ठरवतो. राज्याच्या हद्दीतल्या मजकुराच्या कॉलचा भार मात्र राज्याने उचलायचा. पैशाबरोबर शर्तीही येतात : व्हिडिओ रिले चोवीस तास चालू हवी, आणि ८० टक्के कॉल १२० सेकंदांच्या आत उचलले गेले पाहिजेत.

ऑस्ट्रेलियातही कंपन्यांवरच्या आकारणीतून राष्ट्रीय रिले सेवा चालते. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या नियामकाचा दंडक आहे की प्रत्येक कंपनीने आपल्या ग्राहकाला रिले उपलब्ध करून दिलीच पाहिजे. 'रिले यूके' ही सेवा चालवते बीटी ही दूरसंचार कंपनी. स्वीडनमध्ये टपाल आणि दूरसंचार प्राधिकरण सरकारी तिजोरीतून ही सेवा विकत घेतं.

थोडक्यात तीन वाटा : कंपन्यांवर आकारणी, कंपन्यांवर बंधन, किंवा थेट अर्थसंकल्प. माझ्या मते आपल्याला पहिली वाट सोयीची, कारण आकारणी आपल्याकडे आधीपासूनच होते. तिचा हिशेब प्रश्न ५ मध्ये.

४. भारतात अशी सेवा आहे का? पुण्यातून कोणता नंबर लावायचा?

दूरसंचार आकारणीतून पैसा मिळणारी, कायद्याने बांधलेली, देशभर कोणत्याही फोनवरून लागणारी रिले सेवा भारतात नाही. त्यामुळे पुण्यासाठी असा नंबरही नाही. अमेरिकेत ७११ लावला की रिले मिळते. तो नंबर इथून लावून उपयोग नाही.

व्हिडिओवर दुभाषा पुरवणाऱ्या काही खासगी कंपन्या भारतात आहेत. त्यांचे पैसे साधारणपणे एखादी बँक, कंपनी किंवा स्वतः ग्राहक देतो. त्या संस्थेने करार केला असेल तर तुमचं काम होतं, नाहीतर नाही. नवी सांगवीतल्या बँकेच्या शाखेत दुभाषा मिळाला म्हणून गॅस एजन्सीत मिळेल असं नाही. निधीतून चालणाऱ्या सेवेत आणि यात फरक पडतो तो इथेच. तिथे पलीकडचा माणूस कोण आहे याने काहीच बिघडत नाही. डॉक्टर असो, प्लंबर असो की शाळेचा कारकून.

५. मोबाइल कंपन्या सरकारकडे जो पैसा भरतात, त्यातून हे करता येणार नाही का?

येईल. या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

खेड्यापाड्यांत फोन पोचावा म्हणून २००२ पासून भारतात सार्वत्रिक सेवा दायित्व निधी आहे. २००३ च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचा आधार मिळाला. परवानाधारक कंपन्यांच्या समायोजित एकूण महसुलाचे ५ टक्के त्यासाठी घेतले जातात. म्हणजे तुमच्या-माझ्या रिचार्जमधला वाटा. कर्णबधिर माणसाच्या रिचार्जमधलाही. दूरसंचार कायदा, २०२३ ने या निधीचं नाव 'डिजिटल भारत निधी' केलं, आणि २०२४ मध्ये त्याच्या कारभाराचे नियम आले. कुणासाठी योजना आखता येतील हे सांगताना त्या नियमांत महिला आणि दुर्बल घटकांबरोबर दिव्यांग व्यक्तींचा उल्लेख आहे.

म्हणजे पैसा गोळा होतो आणि नियमांत जागाही आहे. नाही ती योजना. हा पैसा आधी भारताच्या संचित निधीत जातो आणि संसदेच्या मंजुरीने पुढे येतो, त्यामुळे योजना आखून तरतूद मागितल्याशिवाय काही हलत नाही. आजवरचा भर मुख्यतः टॉवर, ऑप्टिकल फायबर आणि दुर्गम गावांवर राहिला. ते काम गरजेचं आहे यात शंका नाही. पण भर सदाशिव पेठेत, पाचही रेघा दिसणारा फोन हातात असून ज्याला दवाखान्याची वेळ ठरवता येत नाही, तोही सेवेपासून वंचितच आहे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जुलै २०१८ मध्ये दिव्यांगांसाठी दूरसंचार सुलभ करण्याच्या शिफारशी केल्या. त्यांत दिव्यांगांना वापरता येतील असे हँडसेट आणि कॉल सेंटरमध्ये त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था, हे मुद्दे होते. शिफारस म्हणजे आदेश नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा.

६. आता सगळ्यांकडे व्हॉट्सॲप आहे. व्हिडिओ कॉल होतो, मेसेज होतो. मग रिले कशाला?

दोघंही सांकेतिक भाषा जाणणारे असतील तर व्हिडिओ कॉल पुरेसा आहे. तिथे दुभाष्याची गरज नाही, आणि अमेरिकेतही अशा थेट कॉलचे पैसे निधीतून मिळत नाहीत.

अडतं ते अनोळखी माणसाशी. पार्सलवाला इमारतीखाली उभा राहून फोनच करतो. बँक व्यवहाराची खात्री करायला फोनच करते. नोकरीच्या मुलाखतीची पहिली फेरी फोनवर होते. ज्यांनी अर्जात "कर्णबधिर आहे, कृपया मेसेज करा" असं ठळक लिहिलं, त्यांनाही 'उत्तर दिलं नाही' असा शेरा मिळाल्याचे अनुभव आमच्याकडे सतत येतात. हे फोन आज घरातलं कुणीतरी घेतं, बहुतेक वेळा ऐकू येणारी आठ-दहा वर्षांची मुलं. आईच्या तपासणीचा रिपोर्ट काय आला हे त्या वयाच्या मुलीने लॅबकडून ऐकून आईला सांगायचं, ही व्यवस्था आपण चालवून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

७. रात्री-अपरात्री पोलीस किंवा ॲम्ब्युलन्स हवी असेल तर कर्णबधिर माणसाने काय करायचं?

११२ हा आणीबाणीचा एकच नंबर महाराष्ट्रात चालू आहे. आवाजी कॉलशिवाय एसएमएसने आणि '११२ इंडिया' या ॲपमधूनही मदत मागता येते. ॲपमधून ठिकाण जातं. अडचण पुढे येते : खात्री करून घ्यायला कक्षातून किंवा गाडीवरून उलट फोन येऊ शकतो, आणि तो उचलणार कोण? म्हणून आजच या गोष्टी करून ठेवा.

ॲप टाकून नाव-पत्ता भरा, आणि आपत्कालीन संपर्कात जवळच राहणाऱ्या, ऐकू येणाऱ्या माणसाचा नंबर द्या. नातेवाईक नाशिकला असेल तर त्याऐवजी शेजाऱ्याचा द्या. फोनमध्ये एक मेसेज तयार ठेवा, उदाहरणार्थ : "मी कर्णबधिर आहे. फोनवर बोलता येणार नाही, मेसेज करा. ॲम्ब्युलन्स हवी. पत्ता : इमारत, मजला, गल्ली, जवळची खूण." मारुती मंदिर, दूध डेअरी, रिक्षा स्टँड अशी खूण जरूर लिहा, पेठांमध्ये नुसत्या घर नंबरावरून गाडी वेळेत सापडत नाही. सोसायटीच्या वॉचमनलाही हे सांगून ठेवा.

ब्रिटनमध्ये जून २०२२ पासून ९९९ ला सांकेतिक भाषेतून व्हिडिओ कॉल करता येतो. रिलेसाठी आपल्याकडे पहिला रुपया खर्च व्हायचा असेल तर तो ११२ वर व्हावा.

८. आजीला कमी ऐकू येतं, पण सांकेतिक भाषा येत नाही. तिला याचा काय उपयोग?

तिच्यासाठी मथळ्याचा फोन हा वेगळा प्रकार आहे. ती स्वतः बोलते, समोरच्याचा आवाजही कानावर येतो आणि त्याच वेळी पडद्यावर मजकूर उमटतो. अमेरिकेत हाही निधीतून चालतो. पुण्यातल्या अनेक कर्णबधिर प्रौढांचं शिक्षण ओठ वाचून आणि बोलून झालं आहे. सांकेतिक भाषेपेक्षा मराठी वाचणं त्यांना जास्त सोपं जातं. आपल्याकडे योजना झालीच तर ती फक्त व्हिडिओची असून चालणार नाही, मराठी मजकुराचीही हवी.

आज घरच्या घरी काय करता येईल ते प्रश्न १६ मध्ये आहे.

९. माझ्या भावाला ऐकू येतं, पण सेरेब्रल पाल्सीमुळे त्याचं बोलणं फोनवर कुणाला कळत नाही. त्याच्यासाठी काही?

अमेरिकेत वाणी-ते-वाणी रिले आहे. अस्पष्ट बोलणं ओळखायला शिकलेला ऑपरेटर तुमच्या भावाचं वाक्य ऐकून तेच स्पष्ट उच्चारात पुन्हा म्हणतो. यंत्र लागत नाही, साधा फोन पुरतो. तिथे २००० मध्ये ही सेवा सक्तीची करण्याचा आदेश निघाला. आपल्याकडे ती नाही, आणि मागणीपत्रांतही तिचा उल्लेख क्वचित असतो. तो असायला हवा.

१०. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांचं काय?

त्यांना ब्रेल डिस्प्ले लागतो, फोनवरचा मजकूर बोटांखाली येतो. अमेरिकेतला रिले निधी सहसा उपकरणांसाठी पैसे देत नाही, पण २०१० च्या कायद्याने बधिरांध व्यक्तींसाठी अपवाद केला : त्यांच्या उपकरणांसाठी आणि ती शिकवण्यासाठी वर्षाला १ कोटी डॉलरपर्यंत रक्कम राखून ठेवता येते.

११. इथे निदान फोन किंवा श्रवणयंत्र घ्यायला सरकारी मदत मिळते का?

हो. केंद्राच्या एडिप योजनेत महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर उपकरणाचा पूर्ण खर्च मिळतो, २२,५०१ ते ३०,००० पर्यंत निम्मा. खर्चाला कमाल मर्यादा आहे. श्रवणयंत्रं यात येतात, दृष्टिहीनांसाठी स्मार्टफोनही येतो. ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून तपासणीला ससूनला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात जावं लागतं. कायद्याने दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास म्हणजे बहिरेपण, ६० ते ७० म्हणजे कमी ऐकू येणं.

दुसरी वाट अनेकांना ठाऊकच नसते. महाराष्ट्रात महापालिका, जिल्हा परिषद, नगरपालिका, ग्रामपंचायत या सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. शहरात महापालिकेच्या समाज विकास विभागात चौकशी करा. मुळशी-हवेलीतल्या गावांत हा विषय ग्रामसभेत काढा आणि ठराव लिहून घ्या. क्षेत्रीय कार्यालयांत व्हिडिओवर दुभाषा बसवायलाही हा पैसा वापरावा, अशी मागणी करायला काहीच हरकत नाही. फुटकळ वाटपापेक्षा त्याचा उपयोग जास्त लोकांना होईल.

१२. मी कॉल करतच नाही. मग कॉलचे पैसे असलेलाच रिचार्ज का मारायचा?

रास्त तक्रार. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएस असलेलं किमान एक पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. ज्यांना इंटरनेट नको त्यांची त्यात सोय झाली. ज्यांना कॉलच नको, त्यांच्यासाठी उलटं बंधन नाही, आणि नुसत्या डेटाच्या पॅकला बहुधा आधी मूळ प्लॅन चालू लागतो. 'डेटा आणि एसएमएस' असं पॅक सक्तीचं करायला निधीतून एक रुपयाही लागणार नाही. ट्राय सल्लामसलतीचे कागद काढते तेव्हा कुणालाही लेखी मत पाठवता येतं. हे मत तिथे पाठवा.

१३. सिम घेताना "डोळे मिचकवा" म्हणतात. दृष्टिहीन माणसाने काय करायचं?

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोच हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि ओळख पडताळणीसाठी पापण्या मिचकवण्याला पर्याय द्यायला सांगितलं. दुकानदार ऐकत नसेल तर या निकालाचा उल्लेख करून कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक घ्या.

१४. मधला माणूस सगळं ऐकतो. आमचं खासगी बाहेर गेलं तर?

अमेरिकेच्या नियमांत ऑपरेटरला संभाषणातला मजकूर कुणालाही सांगायला आणि कॉल संपल्यावर त्याची नोंद ठेवायला मनाई आहे. संभाषण मनाने बदलायलाही मनाई आहे. आपल्याकडे खासगी सेवा वापरताना करारात हेच लिहिलं आहे का ते विचारा. ओटीपी आणि पिन कुणालाही सांगू नका, दुभाष्यालाही नाही.

१५. मिनिटाला पैसे मिळणार म्हटल्यावर घोटाळे होणार नाहीत का?

झाले आहेत. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत व्हिडिओ रिलेच्या नावाने खोटी मिनिटं दाखवून निधी लुबाडल्याबद्दल २६ जणांवर आरोप ठेवले गेले. त्यानंतर वापरकर्त्यांची पडताळणी आणि मध्यवर्ती नोंदणी आली. आपल्याकडे युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आहेच, नोंदणी त्याला जोडता येईल. घोटाळ्याच्या भीतीने सेवाच नाकारणं हा मात्र उपाय नव्हे.

याच कारणाने एक नियम कडक आहे : दोघं एकाच खोलीत असतील तर तो फोन कॉल नव्हे. डॉक्टर समोर बसले आहेत आणि दुभाषा पडद्यावर, तर त्याचे पैसे दवाखान्याने द्यायचे, रिले निधीने नाही.

१६. आता एआय आलं. फोनच सगळं लिहून दाखवेल, माणसं कशाला?

काही अंशी खरं. अँड्रॉइडवरचं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठीतलं बोलणं लिहून दाखवतं. एका फोनवर स्पीकर लावून दुसऱ्यावर ते ॲप उघडलं की आजीला कॉल बराचसा वाचता येतो. अमेरिकेत २०१८ पासून मथळ्याच्या फोनवर पूर्ण यांत्रिक मजकुरालाही निधीतून पैसे मिळू शकतात. पण रस्त्यावरच्या गोंगाटात, घाईत बोलणाऱ्याच्या तोंडून आलेल्या औषधाच्या नावात आणि गावाकडच्या बोलीत मजकूर घसरतो. सांकेतिक भाषेतून आवाजात भाषांतर यंत्रावर सोपवावं इतकी तयारी अजून झालेली नाही.

१७. माझा कर्णबधिर मुलगा अमेरिकेत शिकतो. तो तिथल्या रिलेवरून मला पुण्यात फोन करू शकेल का?

तिथे राहत असताना नोंदणी करून तो सेवा वापरू शकतो. भाषेची अडचण येईल : दुभाषा अमेरिकन सांकेतिक भाषा आणि इंग्रजी जाणतो, स्पॅनिशचीही सोय आहे, मराठीची नाही. तुम्हाला इंग्रजीत बोलावं लागेल. सुट्टीत पुण्यात आल्यावर इथून ती सेवा वापरायची असेल तर निघण्यापूर्वी आपल्या सेवा पुरवठादाराला प्रवासाच्या तारखा कळवाव्या लागतात.

१८. तक्रार चर्च पथावरच्या दिव्यांग आयुक्तालयात करायची की दिल्लीला?

विषय कुणाच्या अखत्यारीत आहे त्यावर. महापालिका, राज्याचं रुग्णालय, एसटी यांच्याबद्दल असेल तर राज्य आयुक्तांकडे, म्हणजे इथे पुण्यातच. दूरसंचार हा केंद्राचा विषय, त्यामुळे मोबाइल कंपनीबद्दल आधी कंपनीकडे, मग कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे, आणि दिव्यांग म्हणून हक्क डावलला असेल तर दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही.

अर्जात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या कलम ४२ आणि ४६ चा उल्लेख करा. पहिलं माहिती आणि संपर्काच्या सुलभतेचं, दुसरं खासगी सेवादात्यांनाही बांधणारं. कलम ८९ खाली पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला ५०,००० ते ५ लाखांपर्यंत दंड आहे, पण तो न्यायालय करतं, आयुक्त नाही. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कळवायचं असतं. अर्जासोबत युडीआयडी कार्डाची प्रत, कंपनीला पाठवलेल्या ईमेलची छापील प्रत, तक्रार क्रमांक आणि न उचललेल्या कॉलचे तारीख-वेळ दिसणारे स्क्रीनशॉट जोडा. वरच्या कोपऱ्यात लिहायला विसरू नका : "सुनावणीला भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषा हवा."